पाटावरची भिंत

रत्नागिरीहून नांदेडला जाणारा माणूस एक तर बदली झालेला असतो, नाहीतर लग्नाला निघालेला असतो. मी या दोन्हींत बसत नव्हते. मी गोडी लावायला निघाले होते.

झालं असं, की मी इथल्या एका तंत्रशाळेत स्थापत्य शिकवते. किल्लारीच्या भूकंपाला सहा वर्षं होऊन गेली होती, त्या उन्हाळ्यात वरून एक पत्र आलं. तंत्रशिक्षणातल्या अध्यापकांनी दूरच्या जिल्ह्यांत जावं आणि शाळकरी मुलांना 'अभियांत्रिकीची गोडी लावावी', असा त्यात आदेश होता. सोबत एक छापील तक्ता होता. शाळेचे नाव, उपस्थित विद्यार्थी आणि शेवटच्या रकान्यात 'गोडी लागलेले विद्यार्थी'. खाली बारीक अक्षरात 'मुली वेगळ्या दाखवाव्यात'. आमचे प्राचार्य म्हणाले, "बाई, बाकी काय वाटेल ते करा, पण मुलींच्या रकान्यात भोपळा आणू नका. स्थापत्यात मुली येतच नाहीत." माझ्या वाट्याला नांदेड आणि लातूर कुणी घातलं ते कळलं नाही. त्या माणसाने नकाशावर समुद्रापासून जास्तीत जास्त लांबचा कोपरा शोधलेला दिसत होता.

माझं सगळं हत्यार म्हणजे एक पाट. खाली एक फणसाची फळी, वर दुसरी, दोन्हींच्या मध्ये काचेच्या गोट्या आणि बाजूला सासूबाईंच्या निवृत्त शिलाई मशीनचं चाक व दांडी. दांडी फिरवली की वरची फळी मागेपुढे हिसके देते. फळीवर लाकडी ठोकळ्यांचं घर मांडायचं आणि दांडी फिरवायची. घर कोसळतं, मुलं टाळ्या पिटतात. मग ते कोसळू नये म्हणून काय करायचं, हे हळूच सांगायचं. पडण्याचं आमिष दाखवून उभं राहण्याचं शिकवायचं, अशी माझी युक्ती होती. कोकणातल्या शाळांत ती कधी फसली नव्हती.

नांदेड

नांदेडला माझी मावसबहीण कुमुद वीस वर्षं राहते. तिचे यजमान एका कचेरीत हेडक्लार्क आहेत. कोकणात पाहुणा आला की आम्ही पाणी देतादेताच परतीची गाडी कधीची म्हणून विचारतो. त्यात वाईट हेतू नसतो, नारळ कधी उतरवायचे ते ठरवायचं असतं. नांदेडला मी दुसऱ्या दिवशीच निघायचं म्हटल्याबरोबर कुमुदचं तोंड उतरलं आणि भाऊजी पेपर खाली ठेवून म्हणाले, "काय चुकलं आमचं?" त्यांची समजूत काढायला मला एक दिवस वाढवावा लागला.

सकाळी नाष्ट्याला फोडणीचे भिजवलेले चुरमुरे होते. त्याला तिकडे 'सुशीला' म्हणतात. माझ्या सासूबाईंचं नावही सुशीला, त्यामुळे पहिला घास जरा दबकत घेतला. मग तीन वेळा मागून घेतले.

भाऊजींची मुलगी रूपाली आठवीत. भाऊजी म्हणाले, "तुमी आलाच हायेत तर आमच्या रूपालीलाबी लावा जरा गोडी. फक्त तिला मिक्सरपासून लांब ठेवा. दोनदा खोलला तिनं. दिसलं यंत्र की स्क्रू काढून राहिली पोरगी."

"भाऊजी, मग तिला गोडी लागलेलीच आहे."

"हाव, पण ती गोडी न्हाई, ते नुकसान हाय," भाऊजी गंभीरपणे म्हणाले. "गोडी म्हंजे पुस्तकातली."

दुपारी त्यांच्या ओळखीच्या शाळेत गेलो. मी मुलांना विचारलं, इंजिनिअर काय करतो? पहिला म्हणाला, "जीपमध्ये बसतो." दुसरा म्हणाला, "सही करतो." मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "पूल पडला की बगायला येतो." मला हसू आवरेना, पण वर्गशिक्षकांनी तिला खाली बसवलं. मग पाट काढला. घर पडलं, टाळ्या झाल्या, 'पुन्हा, पुन्हा' म्हणून गलका झाला. पुन्हा पाडायला सांगणाऱ्यांत वर्गशिक्षक सगळ्यात पुढे होते. शेवटी मी विचारलं, कुणाकुणाला इंजिनिअर व्हायचंय? सगळे हात वर. खात्री करावी म्हणून विचारलं, डॉक्टर कुणाला व्हायचंय? तेच हात पुन्हा वर. तक्त्यात काय लिहावं कळेना.

प्रवासात माझ्या दांडीचा एक बोल्ट कुठेतरी पडला होता आणि दांडी लटलटत होती. रूपालीने संध्याकाळी ती घट्ट करून दिली. मी तिला शाबासकी दिली. तो बोल्ट पांढरा आणि चकचकीत आहे, हे माझ्या लक्षात आलं ते लातूरला पोचल्यावर. त्या दिवशी कुमुदने चटणी पाट्यावर वाटली असणार.

लातूरच्या वाटेवर

एसटीत पाटाचं गाठोडं मांडीवर मावेना, म्हणून मधल्या वाटेत ठेवलं. कंडक्टरने विचारलं, "काय हाय ह्यात, मॅडम?"

मला वाटलं, जरा गंमत करावी. मी म्हटलं, "भूकंप."

कोकणात यावर अर्धी एसटी हसली असती आणि उरलेल्या अर्धीने एखादं तिरकस उत्तर दिलं असतं. इथे कुणी हसलं नाही. पुढच्या बाकावरची बाई वळून बघत राहिली. एका म्हाताऱ्याने टोपी काढून पुन्हा घातली. कंडक्टर खाली वाकून हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं ते नाव असं घेत न्हाईत." मग त्याने ते गाठोडं स्वतः उचलून ड्रायव्हरच्या मागे नीट ठेवलं, एखादं झोपलेलं मूल ठेवावं तसं. लातूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. मला स्वतःची लाज वाटत होती. हा पाट मी इतकी वर्षं खेळणं म्हणून फिरवत होते आणि ज्या जिल्ह्यात तो न्यायचा, तिथे तो खेळणं नाही, हे निघण्यापूर्वी माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

लातूर

लातूरला रिक्षातून उतरले, तर चहूकडून मुलं माझ्याकडे बघत होती. भिंतीवर, रिक्षाच्या पाठीवर, पाण्याच्या टाकीवर, जिथे जागा मिळेल तिथे मागच्या वर्षीच्या गुणवंतांचे फोटो आणि खाली टक्के. आमच्याकडे इतके फोटो फक्त निवडणुकीत लागतात. शहरभर सायकली आणि सायकलींवर दप्तरं. खोल्या भाड्याने, खानावळी महिन्याने आणि चहावालासुद्धा मुलाला नावाने न ओळखता टक्क्यांनी ओळखायचा. "हा ब्याण्णव, ह्याला साखर कमी. तो अठ्ठ्याऐंशी, दिवसाला चार चहा पितो, घसरणार बगा."

ज्यांच्या शिकवणी वर्गात मला जायचं होतं, ते सर फार सज्जन. घड्याळाकडे बघत म्हणाले, "दोन बॅचच्या मध्ये बारा मिनिटं हायेत मॅडम. चालेल ना?" गोडी बारा मिनिटांत लागते का, असं विचारायला लागणारा वेळही त्यातूनच गेला असता, म्हणून मी थेट पाट मांडला. एका पत्र्याच्या हॉलमध्ये शंभरेक मुलं मांडीवर वह्या घेऊन बसली होती. मी दांडी फिरवली. घर पडलं. कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलं?" मी पहिल्या रांगेतल्या मुलाला विचारलं.

"घर पडले," तो म्हणाला.

"का पडलं असेल?"

त्याने शेजाऱ्याकडे पाहिलं, शेजाऱ्याने सरांकडे, आणि मग तो नम्रपणे म्हणाला, "मॅडम, पर्याय सांगा ना."

मागून एकाने विचारलं, हे किती मार्काला येतं? मी म्हटलं, येत नाही. शंभर पेनं एकदम बंद झाल्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मुलं वाईट नव्हती. त्यातल्या एकाने माझ्या पाटाच्या हिसक्यांचा वेग तोंडी काढून दाखवला आणि तो बरोबर होता. फक्त कुणीही पुढे येऊन दांडीला हात लावला नाही. बारा मिनिटं झाली, सरांनी माझे आभार मानले आणि पुढची बॅच आत आली. दोन दिवसांत माझ्या मुलींच्या रकान्यात एकच नाव होतं, रूपालीचं, आणि तेही मिक्सरच्या खर्चाने.

नवं गाव

किल्लारीच्या अलीकडे जीपने उतरवलं ते एका नव्या गावात. जुनं गाव दोन कोसांवर, दगडांच्या ढिगाखाली. नवं गाव आलेखाच्या कागदावर काढल्यासारखं सरळ. रुंद रस्ते, एकसारखी सिमेंटची घरं, दोन घरांत मोकळी जागा इतकी की एक बाई मला म्हणाली, "भांडायचं म्हणलं तर चालत जावं लागतंय, तवर राग जातो." प्रत्येक पक्क्या घरासमोर अंगणात पत्र्याची शेड, आणि माणसं त्या शेडमध्ये. पक्क्या घरांत ज्वारीची पोती. आमच्याकडे पावसाच्या भीतीने माणूस घर सोडून अंगणात पाय ठेवत नाही. इथे सहा वर्षांत बऱ्याच जणांनी पक्क्या छपराखाली पाठ टेकली नव्हती.

मुख्याध्यापकांना मी आधीच विचारलं, पाट दाखवू का? ते म्हणाले, "दाखवा. पोरं तवा लहान होती. पण 'बगा कसं पडतंय' असं तेवढं म्हणू नका."

म्हणून इथे मी डाव उलटा मांडला. मुलांना माती, काड्या, बारीक दगड दिले आणि म्हटलं, "घर तुम्ही बांधा. मातीची चार माणसं करा. नियम एकच. पाट हलला तरी माणसं वाचली पाहिजेत."

चारचारच्या टोळ्या झाल्या. दहावीची गुणपत्रिका घ्यायला आलेली एक मुलगी दारात उभी राहून बघत होती. तेलाने चप्प बसवलेल्या दोन वेण्या, हातात गुणपत्रिकेची सुरळी. मी म्हटलं, ये की. तिने सुरळी खिडकीत ठेवली आणि एकटीच बसून बांधायला लागली. तिचं नाव महानंदा.

घरं पाटावर आली. एकेक पडत गेलं आणि प्रत्येक वेळी मातीची माणसं खाली दबली. पोरं हळहळत होती. महानंदाचं घर सगळ्यात जाड भिंतींचं होतं. तेही पडलं. पण तिची चार माणसं फळीच्या दुसऱ्या टोकाला, वहीच्या पानाच्या तंबूखाली, रांगेत आडवी होती. एकालाही धक्का लागला नव्हता.

"अगं, घरात माणसं कुठे आहेत?" मी विचारलं.

"भायेर झोपलीत."

"पण मी घर बांधायला सांगितलं होतं."

"बांधलंय की. त्यात ज्वारी हाय." ती अगदी शांतपणे म्हणाली. "माणसं वाचली पायजेत, असं तुमीच म्हणलाव."

वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि नियम माझाच असल्यामुळे मलाही वाजवाव्या लागल्या. पंचवीस वर्षं शिकवून मी माझ्याच परीक्षेत नापास झाले होते. मग मी भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारे लांब आडवे दगड कसे घालायचे, ते फळ्यावर काढून दाखवलं. जोडदगड. बाकीच्यांनी आकृती काढली. महानंदाने विचारलं, "दोन जोडदगडांत अंतर किती?" मग, "कोपऱ्यात कसं?" मग, "दगड तेवढा लांब न्हाई मिळाला तर?" पुस्तकातली उत्तरं तिसऱ्या प्रश्नाला संपली.

शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, हीच ती. मार्क चांगले हायेत. लातूरला तंत्रनिकेतनात जायचंय, तेबी बांधकामाला. फॉर्म माझ्याकडं भरून पडलाय. शनिवारी शेवटची तारीख. बाप सही करीना."

"का?"

"बाप गुंडप्पा मिस्त्री. जुन्या गावात दगडाचा त्याच्यासारखा गवंडी नव्हता. तवापासून दगडाला हात न्हाई लावला त्यानं. आता नुस्त्या पत्र्याच्या शेडी ठोकतो. म्हणतो, पोरगी मास्तरीण होऊ दे, नर्स होऊ दे. बांधायचं सोडून काय बी शिकू दे."

तो गुरुवार होता.

गुंडप्पांच्या अंगणात

त्या संध्याकाळी महानंदाच्या आईने, शांताबाईंनी, मला जेवायला बोलावलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे डाळी-ज्वारी भाजून केलेला मसाला. ती काळी, दाट आमटी पहिल्या घोटाला डोळ्यांतून पाणी काढते. आम्हा नारळवाल्यांचं तिखट म्हणजे यांच्या लेखी बारशाचं गोडधोड. शांताबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दूध आणू का, मॅडम?" मी नको म्हटलं आणि रत्नागिरीची अब्रू राखण्यासाठी आणखी एक वाटी घेतली.

गुंडप्पा उंच, वाळलेले, फार कमी बोलणारे. जेवण झाल्यावर मला म्हणाले, "मॅडम, तुमी पाव्हणे हाव, म्हणून सांगतो. पोरीच्या डोक्यात भरवू नका."

मी म्हटलं, ती हुशार आहे.

"हुशार म्याबी होतो. लोक म्हणायचे, गुंडप्पाची भिंत म्हंजे किल्ला. तीन फुटी. भावाचं घर म्याच बांधलं होतं." अंगणातल्या शेळीपुढे त्यांनी पाला सरकवला. "आता पत्रे ठोकतो. पत्र्याखाली माणूस भाजतंय. मरत न्हाई."

निघताना महानंदाने पाट एका दिवसासाठी ठेवून घेऊ का, म्हणून विचारलं. मी ठेवला.

शुक्रवारी सकाळी गेले, तर ती अंगणात उकिडवी बसून पाटावर भिंत रचत होती. बाजूला खडीचा ढीग, चिखलाचं घमेलं. तिची भिंत पाट हलवायच्या आधीच ढासळत होती. गुंडप्पा समोर शिडीवर, शेजाऱ्यांच्या शेडचा पत्रा ठोकत होते. दर दोन ठोक्यांनी मान वळत होती. आमच्याकडे कुणाला वाईट सुपारी कातरताना पाहिलं की म्हाताऱ्यांचे हात असेच शिवशिवतात.

शेवटी ते शिडीवरून उतरले. "अगं, दगडाला तोंड असतंय," ते चिडून म्हणाले. "पाठ भायेर करून बसवालीस त्याला."

आणि ते बसले. एक खडा उचलला, फिरवला, ठेवला. दुसरा उचलला. शांताबाई भाकरी थापताथापता थांबल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा, असं त्या मला नंतर म्हणाल्या. गुंडप्पांची बोटं भरभर चालत होती. बाहेरच्या अंगाला चांगल्या तोंडाचे दगड, आतल्या अंगाला तसेच, आणि मधल्या पोकळीत बारीक खडी आणि चिखल. हातभर लांबीची भिंत अशी देखणी झाली की मला तिच्यावर हात फिरवावासा वाटला. समोर तशीच दुसरी. वर काड्यांचं छत आणि छतावर पांढरी माती.

"किती घालू?" त्यांनी विचारलं.

"घरी घालायचा तेवढी," महानंदा म्हणाली.

शांताबाई म्हणाल्या, "दरसाल एक थर पडायचा की. पावसाळ्याआधी. गळू नये म्हणून." जुना थर कुणी काढत नसे. गुंडप्पांनी थरावर थर दिले.

महानंदाने दांडी धरली. तिने माझ्याकडे पाहिलं. तिने दांडी फिरवली. भिंतीचं बाहेरचं अंग फुगलं आणि बाहेर पडलं, आतलं आत पडलं, आणि मातीचं छत बदकन खाली बसलं. दांडी चार वेळाही फिरली नव्हती.

शांताबाईंनी पदर तोंडावर धरला. गुंडप्पा त्या ढिगाकडे बघत होते. इतकी वर्षं हसत हसत मी ज्यासाठी टाळ्या घेतल्या होत्या, ते हे होतं. मला तो पाट उचलून विहिरीत टाकावासा वाटला.

महानंदा मात्र उठली नाही. तिने ढीग बाजूला केला, खडीतून लांबट दगड निवडले आणि पुन्हा भिंत सुरू केली. दोन-दोन थरांनंतर एक लांब दगड, या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार. वेडावाकडा बसत होता. थोड्या वेळाने गुंडप्पांचा हात पुढे आला. "ह्यो न्हाई. त्यो घे," एवढंच म्हणाले. मग दगड ते निवडून देत होते आणि ती लावत होती. छतावर मातीचा एकच थर. तिने दांडी फिरवली. चिखलाला तडे गेले, एक कोपरा खिळखिळा झाला, पण भिंती उभ्या राहिल्या.

गुंडप्पांनी तिच्या हातातून दांडी घेतली आणि स्वतः फिरवली. आणखी जोरात. रूपालीचा बोल्ट करकरला. भिंत पडावी म्हणूनच ते फिरवत होते, असं मला वाटलं. ती पडली नाही.

"एवढ्यावरच होतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "एवढ्यावरच नव्हतं. चिखल होता, मातीचा भार होता. पण ह्याने बरीचशी घरं माणसांना बाहेर पडायला वेळ देतात."

"आमचा आज्जा घालायचा असले दगड," ते हळू म्हणाले. "लांब दगड फोडायला येळ लई लागतो. पुढं सुटलं ते. लोकांना भिंत जाड पायजे होती. जाड बगून खुश व्हायचे. लांब दगड आत दिसतच न्हाई, मग कुणी मागितलाबी न्हाई." ते उठले, सायकल काढली आणि निघून गेले. फॉर्मचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही.

महानंदा तिथेच बसली होती. "मॅडम, म्या चुकले का?" ती म्हणाली. "मला तर दाखवायचं होतं की आप्पाची भिंत चांगली होती. म्हणून त्यांच्याच हातानं बांधून घेतली. पडंल असं वाटलंच न्हाई मला."

तिला शाबासकी द्यावी की जवळ घ्यावं, ते मला कळेना. शेवटी जवळ घेतलं. डोळे माझेही भरले होते आणि या वेळी येसराचा काही संबंध नव्हता.

शनिवार

सकाळी जीप फाट्यावर उभी होती. दहा माणसांच्या जीपमध्ये सोळा बसेपर्यंत ती 'रिकामी' धरतात, त्यामुळे ड्रायव्हर आणखी तिघांची वाट बघत होता. मुख्याध्यापक बाकीच्या मुलांचे फॉर्म घेऊन लातूरला निघाले होते. त्यांच्या पिशवीत महानंदाचा फॉर्मही होता, बिनसहीचा. "सवय म्हणून घेतला," ते खजील होऊन म्हणाले. शुक्रवारी सायकलवरून गेल्यापासून गुंडप्पा कुणाशी बोलले नव्हते. महानंदा माझ्या गोट्यांची पिशवी पोचवायला आली होती. पुढे डी.एड. करायचं तर आधी अकरावीचा फॉर्म कुठे मिळतो, ते तिने मुख्याध्यापकांना विचारून घेतलं. आवाज अगदी नेहमीसारखा होता, म्हणून मला तो जास्त लागला.

सोळा झाले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि तेवढ्यात गुंडप्पा सायकलवरून आले. खाली उतरले. जीपच्या खिडकीशी माझ्याजवळ आले.

"मॅडम, तिथं दगडाची भिंत शिकवतेत का?"

त्या क्षणी खोटं बोलणं फार सोपं होतं. पण या माणसाशी खोटं बोलणं मला जमलं नाही. "फारसं नाही," मी म्हटलं. "सिमेंट आणि लोखंडच जास्त. दगडाच्या भिंतीला पुस्तकात दोन पानं आहेत."

"दोनच?"

"दोनच."

"आन् जोडदगड?"

"एक ओळ."

त्यांच्या चेहऱ्यावर मी तीन दिवसांत पहिल्यांदा खरा राग पाहिला. आपल्या घराण्याचा कुणी अपमान करावा, तसा. "एका ओळीत काय कळतंय पोरांना?" ते म्हणाले. दगड निवडायचा कसा, फोडायचा कुठून, कोपऱ्यात वळवायचा कसा, हे ते मलाच ऐकवायला लागले, आणि ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला तरी थांबेनात. मग एकदम थांबले. मुख्याध्यापकांकडे हात पुढे केला. "आणा तो कागद."

कागद जीपच्या बॉनेटवर ठेवून त्यांनी सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, एकेक अक्षर जागेवर बसलं की नाही ते बघत.

"ती दोन पानं त्यांना शिकवू द्या," कागद परत देत ते म्हणाले. "उरलेलं सुट्टीत म्या शिकवतो."

महानंदा जवळ आली. तिला विश्वास बसत नव्हता, म्हणून ती भलतंच काहीतरी विचारायला लागली. "पण शिकवणार कशावर, आप्पा? आपल्याकडं दगडाचं काय बी न्हाई आता."

गुंडप्पांनी सायकल वळवली.

"न्हाणी बांधू," ते म्हणाले. "तिला छत नसतंय."